दा लातचे जुने सैनिक आणि मोटारसायकलची मागची सीट: वडिलांना घेऊन जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलाला त्यांना घेऊन व्हिएतनाममध्ये डोंगरातलं दा लात ते किनाऱ्यावरचं होई आन असा पाच दिवसांचा प्रवास करायचा आहे. स्वतः गाडी चालवायची नाही, गाईडच्या मागे बसायचं, आणि गाईड व्हिएतनाम युद्धात लढलेला हवा. असे गाईड खरंच सैनिक असतात की पर्यटकांसाठी रचलेली गोष्ट असते, माणूस कसा निवडावा आणि वडिलांना हे झेपेल का, असे तीन प्रश्न मुलानं विचारले आहेत.

मी २००९ पासून त्या डोंगराळ भागात जातो आहे. आधी एकटा जायचो, नंतर चार-सहा जणांचे गट घेऊन जाऊ लागलो. तेव्हा जे सांगतो ते रस्त्यावर पाहिलेलं आहे.

सगळ्यात आधी वयाचा हिशोब करा, कारण तो कुणीच करत नाही. अमेरिकेचा पाठिंबा असलेल्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी साइगॉन उत्तरेच्या सैन्याच्या हाती पडलं ३० एप्रिल १९७५ ला, आणि युद्ध संपलं. त्या दिवशी जो २० वर्षांचा होता, तो २०२५ मध्ये ७० वर्षांचा झाला. ऐन युद्धात, म्हणजे १९६८ किंवा १९७२ साली लढलेला माणूस त्याहून मोठा. त्यामुळे पंचावन्न वर्षांचा गाईड मी युद्धात लढलो म्हणू लागला तर ते खरं नाही. आणि पंचाहत्तर वर्षांचा खरा सैनिक तुमच्या वडिलांना मागे बसवून पाच दिवस, रोज दीडशे किलोमीटर घाटरस्त्यानं गाडी हाकणार असेल, तर त्याच्या शौर्याबद्दल कितीही आदर असला तरी मी माझ्या वडिलांना त्या गाडीवर बसवणार नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे लोक साठीच्या आत-बाहेर होते, गाडीवर पक्के होते. आज त्यांतले बरेच थकले, काही वारले. गाडी आता त्यांची मुलं, पुतणे, जावई चालवतात.

म्हणून मी हल्ली एकच मांडणी सुचवतो. लांबचा प्रवास चाळिशी-पन्नाशीच्या, ज्याचे वडील किंवा काका दक्षिणेच्या, म्हणजे हरलेल्या सैन्यात होते अशा गाईडसोबत करा. आणि जुन्या सैनिकासोबत एक पूर्ण दिवस दा लातच्या आसपास काढा. तो सावकाश चालवेल, वाटेल तिथे थांबेल, दुपारी घरी नेऊन जेवू घालेल. त्या एका दिवसात जे मिळतं ते पाच दिवसांच्या धावपळीत बहुतेकदा मिळत नाही.

आता हे लोक गाडीवर कसे आले ते समजून घ्या, म्हणजे कोण खरा हे ओळखता येईल.

दा लातमध्ये दक्षिण व्हिएतनामची राष्ट्रीय सैनिकी अकादमी होती. शिवाय दीड हजार मीटर उंचीवरचं हे थंड हवेचं गाव फ्रेंचांच्या काळापासून शिकलेल्यांचं, अधिकाऱ्यांचं. युद्ध संपल्यावर जून १९७५ मध्ये हरलेल्या सैन्याच्या अधिकाऱ्यांना हजर व्हायला सांगितलं गेलं. सोबत दहा दिवसांचं किंवा महिन्याभराचं सामान आणा, असा निरोप होता. प्रत्यक्षात त्यांना छावण्यांत डांबलं, आणि कित्येकांना परत यायला वर्षं लागली. त्या छावण्यांना तिथे 'पुनर्शिक्षण' म्हणतात. परत आल्यावर सरकारी नोकरी नाही, पेन्शन नाही. मुलांच्या कागदावर बापाचा इतिहास लिहिलेला, त्यामुळे चांगल्या शाळा-नोकऱ्यांची दारं त्यांनाही बंद. मग शेती, लाकूडतोड, आणि 'से ओम', म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी. या शब्दाचा अर्थच 'मिठी मारायची गाडी' असा आहे.

१९८६ मध्ये सरकारनं आर्थिक सुधारणा सुरू केल्या, १९९४ मध्ये अमेरिकेनं व्यापारबंदी उठवली, आणि पाठीवर पिशवी घेतलेले परदेशी तरुण दा लातच्या बाजारात दिसू लागले. त्यांच्याशी इंग्रजीत बोलू शकणारे कोण? अमेरिकनांबरोबर दुभाषे, रेडिओवाले, कनिष्ठ अधिकारी म्हणून काम केलेले हेच लोक. पर्यटकांना मागे बसवून फिरवणारे जे गाईड आज 'ईझी रायडर' म्हणून ओळखले जातात, त्यांचं मूळ हे आहे.

एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली. १९८९ मध्ये अमेरिका आणि व्हिएतनाममध्ये करार झाला. ज्यांनी छावणीत तीन वर्षं किंवा जास्त काढली त्यांना कुटुंबासह अमेरिकेत जाता येऊ लागलं, आणि मोठे अधिकारी त्या वाटेनं गेले. मागे राहिले त्यांत पुष्कळ जण असे की ज्यांची शिक्षा तीन वर्षांहून कमी भरली होती. माझे पहिले गाईड असेच. छावणीत अडीच वर्षं काढलेली. हे सांगताना त्यांनी बोटांवर महिने मोजले होते. कमी छळ झाला म्हणून सुटकेची वाट बंद झाली, हे ऐकून मी गप्पच राहिलो. तेव्हा कुणी 'मी कर्नल होतो' म्हणाला तर सावध व्हा. खरे जुने लोक सार्जंट, लेफ्टनंट, ट्रक ड्रायव्हर, कारकून, दुभाषे असतात आणि स्वतःचा हुद्दा फुगवत नाहीत.

निवडीबद्दल. 'ईझी रायडर' हे नाव अनेक गट आणि एकटे-दुकटे चालकही वापरतात, त्यामुळे जाकिटावरच्या नावावरून काही कळत नाही. पैसे ठरवण्याआधी त्याच माणसाला भेटा जो प्रत्यक्ष गाडी चालवणार आहे. एकदा माझ्या गटाशी बोलायला एक वयस्क, गोड बोलणारे गृहस्थ आले आणि सकाळी गाड्या घेऊन भलतीच चार पोरं उभी. आता मी आदल्या दिवशी प्रत्येक चालकासोबत अर्धा तास गावातून फेरी मारतो. पहायचं ते असं: उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवतो का, की क्लच दाबून ब्रेकवर सोडतो. वळणावर आतली बाजू कापतो का. दुसरं हेल्मेट देतो ते कसं आहे. टायरची नक्षी उरली आहे का. युद्धाबद्दल पहिल्या भेटीत काहीही विचारू नका. जो आपणहून पहिल्या पाच मिनिटांत रणांगणाची गोष्ट सुरू करतो, त्याच्याकडे ती गोष्ट रोज नव्या गिऱ्हाइकासाठी तयार असते.

गाडी साधारण सव्वाशे ते दीडशे सीसीची असते. एका गाडीवर एकच प्रवासी, आणि बॅग मागच्या कॅरिअरवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी आवळलेली. ती नीट बांधली तर पाठीला टेकायला होते. वडिलांची बॅग बांधताना स्वतः जवळ उभे राहा आणि ती कमरेच्या उंचीला येईल अशी लावून घ्या. ६४ व्या वर्षी कंबर वाचते ती यानंच.

त्यांना झेपेल का? सैन्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मनानं नक्की झेपेल. गुडघ्यांचं मात्र विचारून घ्या. मागच्या सीटवर पाय दुमडलेले राहतात, आणि तासाभरानं उतरून चाललं नाही तर दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढवत नाहीत. दर चाळीस-पन्नास किलोमीटरला थांबायचं आधीच ठरवा. उतरायचं डाव्या बाजूनं, कारण उजव्या बाजूला सायलेन्सर असतो. पोटरीवर भाजल्याचे डाग घेऊन परतणारे इतके पाहिले आहेत की मी हाफ पँट घातलेल्याला गाडीवर बसूच देत नाही. हेल्मेट स्वतःचं, हनुवटी झाकणारं न्या. २००७ पासून तिथे हेल्मेट सक्तीचं आहे, पण भाड्यानं मिळतं ते बहुतेक अर्ध्या वाटीसारखं असतं.

पाच दिवसांत होई आन गाठायचा हट्ट सोडा, असंही मी म्हणेन. तीन दिवसांत दा लात, लाक सरोवर, बुऑन मा थुओत करा. तिथे विमानतळ आहे. अंगात जोर उरला असेल तर पुढे प्लेइकू आणि कोन तूम. पूर्ण रस्ता सातशे किलोमीटरच्या वर जातो आणि शेवटचे दोन दिवस नुसते अंतर कापण्यात जातात.

ऋतूही नीट पाहा. डोंगरात पाऊस मे ते ऑक्टोबर. होई आनच्या किनाऱ्याला मात्र तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात जोरात असतो, तेव्हा दोन्ही बाजू कोरड्या हव्यात तर फेब्रुवारी ते एप्रिल. त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉफीला फुलं येतात. अख्खे डोंगर पांढरे होतात आणि मोगऱ्यासारखा वास हेल्मेटच्या आतही येतो.

दा लातहून निघाल्यावर पहिल्या दिवशी बहुतेक सगळे नाम बान गावातून नेतात. हत्ती धबधबा, रेशमाचे कोष उकळून सूत काढणारा कारखाना, कॉफीचे मळे. या गावाची माणसं मुळात हनोईकडची. युद्धानंतर सरकारनं उत्तरेतून लोक आणून इथे वसवले. त्या तालुक्याचं नाव 'लाम हा' पडलं ते लाम दोंग (दा लातचा प्रांत) आणि हा नोई (हनोई) ही दोन नावं जोडून. म्हणजे हरलेला सैनिक तुम्हाला जिंकलेल्यांच्या वस्तीतून नेतो, तिथे चहा पितो, रेशीमवाल्या बाईशी हसून बोलतो. एका गाईडनं मला त्या बाईचा भाऊ क्वांग त्रीच्या लढाईत मारला गेल्याचं सांगितलं, आणि आपला स्वतःचा भाऊही तिथेच मारला गेला हे बऱ्याच वेळानं, गाडी सुरू करता करता. तिच्या भावाची कबर हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे, दरवर्षी २७ जुलैला, त्यांच्या हुतात्मा दिनी, सरकारी फुलं येतात. त्यांच्या भावाची जागा कुणाला माहीत नाही.

कॉफीचं म्हणाल तर तिथली पत्र्याच्या गाळणीतून थेंब थेंब पडणारी कॉफी जरूर प्या, पण उदमांजराच्या पोटातून गेलेल्या बियांची कॉफी दाखवायला नेत असतील तर नको म्हणा. ती जनावरं लहान पिंजऱ्यात ठेवलेली असतात.

लाक सरोवराकाठी म्नोंग या डोंगरी जमातीचं जुन नावाचं गाव आहे, लांबलचक लाकडी घरं. तिथून बुऑन मा थुओत पन्नासेक किलोमीटर. १० मार्च १९७५ ला उत्तरेच्या सैन्यानं याच शहरावर हल्ला केला आणि दक्षिणेचा शेवट इथून सुरू झाला. सहा रस्त्यांच्या चौकात रणगाड्याचं स्मारक आहे. पर्यटक फोटो काढतात. जुना गाईड तिथे गाडी थांबवेल, तुम्हाला उतरू देईल, आणि स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन सिगारेट ओढत उभा राहील. त्याला चौकात बोलावू नका आणि फोटोत घेऊ नका.

बुऑन मा थुओत गेल्यावर दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष थ्यू यांनी प्लेइकू आणि कोन तूम सोडून मागे यायचा हुकूम दिला. मुख्य रस्ते तुटले होते, म्हणून सैन्य जुन्या मोडक्या ७-बी रस्त्यानं तुय होआकडे निघालं, आणि त्याच्या मागे लाखाहून जास्त माणसं, बायका-मुलं, म्हातारे. पूल नव्हते, चेओ रेओ गावापाशी सगळं अडकलं आणि वरून तोफा चालू. समुद्रापर्यंत पोचले ते थोडे. आज तो २५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे, डांबरी, दोन्ही बाजूंना ऊस आणि टॅपिओका. प्रवासी कंपन्यांच्या आखणीत हा रस्ता येत नाही, कारण तिथे 'पाहण्यासारखं' काही नाही. माझ्या पहिल्या गाईडना मी विचारलं होतं, तुम्हाला कुठे जायला आवडेल? ते मला तिथे घेऊन गेले. बा नदीच्या पुलाजवळ थांबले, खिशातून उदबत्त्या काढल्या, तीन पेटवून रस्त्याकडेच्या मातीत खोचल्या आणि हेल्मेट काढून उभे राहिले. पाच मिनिटं. मग म्हणाले, चला, पुढे उसाचा रस चांगला मिळतो. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पन्नास किलोमीटर ते एकटेच बोलत होते.

यातून जे शिकलो ते तुमच्या वडिलांच्या कामाचं आहे. हे लोक समोरासमोर बसून सांगत नाहीत. गाडीवर दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात, डोळ्यांत पाहावं लागत नाही, आणि वारा अर्धे शब्द घेऊन जातो. तिथे बोलणं निघतं. किंवा रस्त्याकडेच्या झुल्यांच्या कॅफेत, दुपारच्या उन्हात दोघं शेजारी शेजारी झोळीत पडलेले असताना. तेव्हा मोबाईल बाहेर काढू नका. माझ्या गटातल्या एकानं नकळत रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. गाईडच्या ते लक्षात आलं, आणि वाक्य मध्येच सोडून त्यांनी मिरीची वेल कशी चढवतात ते सांगायला सुरुवात केली. त्या प्रवासात ते पुन्हा युद्धाकडे वळले नाहीत. आणि त्यांना भीती वाटली तर त्याला कारण आहे. तुम्ही पाच दिवसांनी परत जाल, त्यांना तिथेच राहायचं आहे.

सैनिकाला सैनिक लगेच ओळखू येतो. तुमच्या वडिलांनी लढाईबद्दल विचारण्यापेक्षा जेवण काय मिळायचं, पत्र घरी पोचायला किती दिवस लागायचे, बूट कसे होते, हे विचारावं. एका निवृत्त हवालदारांना मी नेलं होतं. त्यांनी पाय भिजून कातडी सोलायची ती कशी सांभाळायचात, एवढंच विचारलं आणि दोघं तासभर खुणांनी बोलत बसले. आणखी एक दुवा आहे. १९५४ च्या जिनेव्हा करारानंतर शस्त्रसंधीवर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, आणि आपले लष्करी अधिकारी तिथे वर्षानुवर्षं होते. काही म्हाताऱ्यांना ते आठवतं.

उजाड डोंगर दाखवून 'अमेरिकनांनी फवारलं' असं सरसकट सांगणारा गाईड अर्धवट सांगतो. १९६२ ते १९७१ या काळात जंगलांवर पानं गाळणारी रसायनं फवारली गेली, माणसं अजून त्याचे परिणाम भोगताहेत, हे खरंच. पण या पठारावरचं पुष्कळ जंगल त्यानंतर कॉफीसाठी आणि लाकडासाठी तुटलं. चांगला गाईड दोन्ही सांगतो. वाट सोडून झुडपांत मात्र कुठेही शिरू नका, विशेषतः कोन तूमच्या उत्तरेला आणि क्वांग त्रीत. न फुटलेला दारूगोळा अजून जमिनीत आहे.

डोंगरी जमातींच्या गावांत धर्म, जमिनीचे वाद, सरकार हे विषय काढू नका. तिथल्या काही लोकांनी अमेरिकन दलांबरोबर काम केलं होतं, काही बंडखोर तर १९९२ पर्यंत कंबोडियाच्या जंगलात होते. ही जखम अजून ओली आहे आणि तुमच्या प्रश्नाचा त्रास यजमानाला होतो. मुक्कामाला पासपोर्ट मागतील तो द्या, परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं त्यांना बंधनकारक आहे. गावात मडक्यातली भाताची दारू लांब नळीनं प्यायला देतील. ती संध्याकाळी, गाड्या लावून झाल्यावरच. २०२० पासून व्हिएतनाममध्ये दारूचा एक थेंबही पिऊन गाडी चालवणं गुन्हा आहे. दुपारी गाईड 'फक्त मान राखायला' घोट घेत असेल तर वडिलांना त्याच्या मागे बसवू नका. त्या दिवशी टॅक्सी करा.

स्वतः गाडी चालवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा: व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा आंतरराष्ट्रीय परवाना मानतं, भारतात मिळतो तो १९४९ च्या जिनेव्हा कराराचा असतो. अपघात झाला तर विमा कंपनी यावर बोट ठेवते. मागे बसणाऱ्याला परवाना लागत नाही, पण विम्यात 'मोटारसायकलवरचा प्रवासी' धरला आहे का ते शब्द न शब्द वाचून घ्या.

नकाशात गोंधळ होईल तोही सांगून ठेवतो. १ जुलै २०२५ पासून तिथले ६३ प्रांत आणि शहरं जोडून ३४ केली आहेत. कोन तूम आता क्वांग न्गाई प्रांतात मोडतं आणि तालुके रद्द झाले. रस्त्यावरचे लोक मात्र जुनीच नावं घेतात.

पैशांचं साधं ठेवा. मार्ग, मुक्काम, जेवण, प्रवेश-तिकिटं, पेट्रोल, गाईडची स्वतःची खोली आणि शेवटच्या गावाहून त्याचा परतीचा खर्च, यांतलं काय धरलं आहे ते कागदावर लिहून घ्या. थोडे आगाऊ, बाकी रोजच्या रोज किंवा शेवटी. जुन्या सैनिकासोबतचा दिवस जर तरुण गाईडमार्फत ठरवलात, तर त्यांचे पैसे वेगळ्या पाकिटात घाला आणि तुमच्या वडिलांनी दोन्ही हातांनी त्यांच्याच हातात द्यावेत.

हाक कशी मारायची हे मी प्रत्येकाला विमानातच शिकवतो, कारण व्हिएतनामी माणूस आपल्यासारखाच नात्यानं बोलतो. आपल्या वडिलांपेक्षा मोठा असेल त्याला 'बाक', म्हणजे थोरले काका. तुम्ही तेच म्हणा. तुमच्या वडिलांनी 'आन्ह' म्हणावं, म्हणजे दादा. आणि आपण सैनिक होतो हे सांगताना 'लिन्ह' हा साधा शब्द वापरावा, कुठल्याही बाजूच्या शिपायाला चालतो. माजी सैनिकांसाठी जो मानाचा सरकारी शब्द आहे तो जिंकलेल्या बाजूच्या संघटनेचा आहे, आणि तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला तो कधी मिळालेला नाही.